खिळ्यावरचं लायसन

१

आकारामचं लायसन सांगलीच्या चौकात जप्त झालं होतं, आणि तेच लायसन या घडीला आकारामच्या खिशात होतं.

साताऱ्याच्या परिवहन कार्यालयाच्या खिडकीपाशी उभं राहून त्यानं ते पुन्हा पुन्हा काढून पाहिलं. नाव त्याचं, फोटो त्याचा, नंबर त्याचा. खिडकीपलीकडच्या कारकुनानंही पाहिलं. मग त्यानं कपाटातून एक पाकीट काढलं आणि त्यातलं दुसरं कार्ड काचेला टेकवून धरलं. त्यावरही नाव आकारामचं, फोटो आकारामचा आणि नंबर तोच. फरक एवढाच, की हे कार्ड मळकं होतं, त्याच्या वरच्या कोपऱ्यात भोक पाडलेलं होतं, आणि त्या भोकात काळ्या लोकरीच्या धाग्याची गाठ अडकलेली होती.

नोटिशीत एकाच पिकअपवरचे तीन गुन्हे होते. सांगलीत लाल सिग्नल तोडला. तासगावात प्रवेश बंद असलेल्या गल्लीत गाडी घातली. पुन्हा सांगलीत पोलिसानं हात केला असताना लाल सिग्नलमधून गाडी पुढे काढली, आणि त्या वेळी कार्ड जप्त झालं. तिन्ही वेळा चालकानं आकारामचं लायसन दाखवलेलं. लायसन तीन महिने निलंबित का करू नये, ते सोमवारी येऊन सांगा, असा त्या कागदाचा मतलब होता.

दंड भरून मोकळं होता येईल का, असं आकारामनं विचारलं. कारकून समजूतदार होता. दंड गाडीच्या मालकानं केव्हाच भरलाय, तो म्हणाला. पण सिग्नल तोडणं, दारू पिऊन चालवणं, चालवताना मोबाईल, अतिवेग, जास्तीचा माल, असल्या गोष्टींत दंड भरला तरी लायसन अडकतंच.

"एक तर हे गुन्हे तुमचे," तो म्हणाला, "नाहीतर या दोन कार्डांतलं एक बनावट. काय ते सोमवारी साहेबांना सांगा."

आणि मंगळवारी आकारामला नोकरीवर हजर व्हायचं होतं. माण तालुक्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याला ॲम्ब्युलन्स मिळाली होती आणि तिच्यासाठी आकारामची निवड झाली होती. त्याची उमेदीची सारी वर्षं महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि तासगावची द्राक्षं वाहण्यात गेली होती, त्याच्या आधीच्या पिढ्या मेंढरांमागं गेल्या होत्या. कायमची नोकरी त्या घरात अजून कुणी पाहिली नव्हती. बायकोनं, तानुबाईनं, खाकी शर्ट इस्त्री करून खुंटीला लावूनही ठेवला होता. दवाखान्याची अट एकच होती, लायसनवर डाग नको.

आकारामनं नोटीस घडी करून खिशात घातली. पण घोर नोटिशीपेक्षा त्या गाठीचा होता. ती काळी लोकर त्यानं पाहताक्षणी ओळखली होती, आणि ओळखूनही तो गप्प राहिला होता.

२

सुहासिनीबाई साताऱ्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवत. साठी उलटलेली, जीभ तिखट, आणि शिकाऊ माणसांच्या शेजारी जन्म काढल्यामुळे समोरचा चुकायच्या आधीच यांचा पाय ब्रेकवर जायचा. अर्ध्या जिल्ह्याची लायसन्स त्यांच्या हातून झालेली. त्यांना सरकारी अधिकार कसलाच नव्हता, पण चाकावरून काही भानगड झाली की लोक वकिलाच्या आधी त्यांच्याकडे येत, कारण वकील फी घेऊन धीर देतो आणि बाई फुकटात झापत.

त्यांनी नोटीस वाचली आणि आकारामला विचारलं, की जन्मात कधी सिग्नल तोडलास का.

"आवं बाई, मला सिग्नल वस्तादांनी शिकविलाय," आकाराम म्हणाला. त्याच्या मते एवढं पुरेसं होतं.

वस्ताद म्हणजे नाथाजी वस्ताद. आकाराम मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्या ट्रकवर क्लीनर होता. त्याच्या माळावर सिग्नल कुठला असायला, रस्ताच जेमतेम होता. कराडला तो खांब पहिल्यांदा दिसला तेव्हा चाक आकारामच्या हातात होतं आणि वस्ताद शेजारी बसून रंग मोठ्यानं सांगत होते. लाल म्हटल्यावर पाय हलला नाही तर मांडीवर चापट बसायची. ती चापट आकारामच्या मांडीला अजून आठवत होती. ट्रक विकल्यापासून वस्ताद तासगावात देवदत्त शेठच्या द्राक्षांच्या क्रेटच्या गोडाऊनवर बसत.

नोटिशीतली पिकअपही देवदत्त शेठचीच होती. बाईंनी तिथल्या तिथं शेठना फोन लावला. शेठ द्राक्षांच्या गडबडीत होते. गाडी तिघं-चौघं चालवतात, म्हणाले, जयराज ड्रायव्हर आहे, माझा पुष्कर आहे, अडीनडीला कोणीही नेतं. दंडाचा मेसेज आला, मी भरून टाकला, कोण पकडला गेला ते बघायला इथं वेळ कुणाला आहे.

बाईंनी मग आकारामचं कार्ड मागून घेतलं. उजेडाकडे धरलं, कडा चाचपल्या, मागची बाजू पाहिली.

"तासगावात क्रेट नेताना लायसन तारण ठेवावं लागतं ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"व्हय. कित्येक वर्सं ठेवतोय."

"मग हे फारच गोरंगोमटं राहिलंय रे," बाई म्हणाल्या आणि कार्ड परत दिलं. "उद्या सकाळी सांगलीला निघायचं. गाडी तूच चालव."

आकारामनं मान डोलावली. बाईंच्या नजरेला नजर द्यायचं मात्र त्यानं टाळलं.

३

कार्ड जप्त करणारा पोलीस त्याच चौकात ड्यूटीवर होता. त्यानं आकारामकडे नीट पाहिलं आणि कबूल केलं, की हाच होता असं शपथेवर सांगता येणार नाही आणि नव्हता असंही नाही. थंडीची सकाळ होती, चालकाच्या डोक्याला कानटोपी, तोंडावर मफलर. नंबर मशीनमध्ये घातला, लायसन चालू दिसलं, त्यानं पुढचं काम केलं. बाईंनी विचारलं, की तो माणूस भांडला का.

"तेच तर नवल," पोलीस म्हणाला. "इथं जो तो आधी कुणाला तरी फोन लावतो. ह्यानं मागायच्या आधीच कार्ड पुढं केलं आणि हात जोडले. पण बघत होता भलतीकडंच. मी खिडकीशी उभा आणि हा माझ्या खांद्यापलीकडं बघून 'चुकलं सायेब' म्हणतोय. वाटलं, प्यालाय. तोंडाचा वास घेतला, तर तसलं काही नाही."

बाईंनी त्याचे आभार मानले. मग गाडी तासगावच्या रस्त्याला घ्यायला सांगितली. सोमवार जवळ येत होता, आणि आपण बाईंना सरळ गोडाऊनमधल्या, लायसन्स अडकवायच्या खिळ्याकडेच घेऊन चाललोय हे आकारामला कळत होतं. गाडी मागं वळवायला काही निमित्तही सुचेना.

४

गोडाऊनच्या दारात खुर्ची टाकून नाथाजी वस्ताद उन्हात बसले होते. आकारामची गाडी थांबली तशी मान न वळवताच म्हणाले, "आकाराम, तुझ्या गाडीचा बेल्ट वाजतोय रं. बदलून घे."

बाई खाली उतरल्या आणि त्यांनी समोर जाऊन नमस्कार केला. वस्तादांनी काही केला नाही. आकारामला ते लागलं, पण जुनं माणूस, बाईमाणसाशी बोलायला संकोचतं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. बाई बोलल्या तेव्हा मात्र वस्तादांनी लगबगीनं दोन्ही हात जोडले आणि चहा सांगितला.

आत भिंतीला लांब खिळा होता आणि त्याला तारेच्या कडीत ओवलेला लायसन्सचा झुबका. क्रेट न्यायचे तर लायसन ठेवायचं, क्रेट परत आणले की आपलं कार्ड घेऊन जायचं, अशी तिथली रीत. प्रत्येक कार्डाला कोपऱ्यात भोक, आणि भोकात ज्याचा त्याचा धागा. कुणाची सुतळी, कुणाची नायलॉनची दोरी, कुणी बायकोच्या पातळाचा काठ फाडून बांधलेला. तेवढ्यात एक ड्रायव्हर क्रेट टाकून आला. वस्ताद बाईंशी बोलत होते. बोलता बोलताच त्यांचा हात झुबक्यात गेला, बोटं दोन-चार धाग्यांवरून फिरली आणि नेमकं त्याचं कार्ड बाहेर आलं.

"न बघता काढलंत," बाई कौतुकानं म्हणाल्या.

"हाताला सवय हाय," वस्ताद हसून म्हणाले.

जयराज शेठच्या पिकअपखाली झोपून नट आवळत होता. प्रश्न ऐकून तो बाहेर आला तोच तापलेला. कोण चालवत होतं ते न विचारताच शेठनी दंड त्याच्या पगारातून कापला होता. सिग्नल मी तोडला असता तर मी तसं छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, त्या पोलिसाशी भांडलोही असतो, असं त्यानं ऐकवलं. सकाळची फेरी त्याची नव्हतीच, तो कुंडलवरून येतो, त्याला पोचायलाच ऊन होतं. मग सकाळी गाडी कोण नेतं, या प्रश्नावर तो पुन्हा गाडीखाली शिरला आणि तिथून म्हणाला, "ज्याला सवड आसंल त्यो."

शेठचा पुष्कर ऑफिसात मोबाईल घेऊन बसला होता. कॉलेजातलं पोरगं, अंगावर भारी शर्ट. त्याच्याकडे अजून शिकाऊ लायसनच होतं, हे त्यानं दोनदा विचारल्यावर सांगितलं. पिकअप कधी नेली का, म्हटल्यावर कान लाल झाले. एकदोनदा मित्रांबरोबर नेली होती, पप्पांना सांगू नका, असं पुटपुटून तो चहा यायच्या आत मोटरसायकल काढून पसार झाला.

आकारामला हायसं वाटलं. पक्कं लायसन नाही, म्हणून दुसऱ्याचं उचललं, सरळ हिशेब होता. तो बाईंना तसं सांगायला वळला. बाई पुष्करच्या मागं उडालेल्या धुळीकडे पाहतच नव्हत्या. त्या वस्तादांकडे पाहत होत्या. वस्तादांच्या पुढ्यात चहाचा कप ठेवलेला होता आणि वस्तादांचा हात टेबलावरून हळूहळू सरकत त्याला शोधत होता.

५

परतीच्या वाटेवर कुंडलच्या अलीकडे बाईंनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

"तुझ्या कार्डाला भोक का नाही?" त्यांनी विचारलं.

आकारामनं इंजिन बंद केलं.

"मागच्या नूतनीकरणाला नवं कार्ड आलं, तेव्हा मी म्हटलं होतं, जुनं आणून दे, कात्रीनं कापून टाकते. तू म्हणालास, हरवलं."

मग त्यानं सांगून टाकलं. जुनं कार्ड खिळ्यालाच होतं. नवं कशाला भोक पाडून खराब करा, आणि रस्त्यात पोलिसानं मागितलं तर खिशात एक असलेलं बरं, म्हणून ठेवीला जुनंच राहू दिलं. धागा त्याच्या बापाच्या घोंगडीचा होता. त्यात काही वाईट आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. निम्मे ड्रायव्हर तसंच करतात.

"करत असतील. पण तू खोटं बोललास माझ्याशी," बाई म्हणाल्या, आणि तो विषय त्यांनी तिथंच संपवला. "आता नीट ऐक. पुष्करला लायसन हवं होतं हे खरं. पण एवढ्या झुबक्यातलं तुझंच का? दुसरं कुणाचं उचललं असतं तर त्याच संध्याकाळी तो ड्रायव्हर क्रेट घेऊन आला असता, कार्ड मागितलं असतं, बोभाटा झाला असता. महिनाभर ज्याला कुणी विचारणार नाही असं कार्ड तिथं एकच होतं. ते जुनं आहे हे तू कुणाला सांगितलं होतंस?"

आकारामला उत्तर माहीत होतं. त्यानं ते एकाच माणसाला सांगितलं होतं. "असू द्या वस्ताद खिळ्यालाच, जुनं हाय," असं.

"कुणाला न्हाई," तो म्हणाला.

बाईंनी नोटीस त्याच्या मांडीवर ठेवली. "मी जन्मभर लोकांच्या चुका शेजारी बसून बघितल्यात. जयराजसारखा पकडला जातो वेगानं नाहीतर मोबाईलनं. पुष्करसारखा पळ काढतो. इथं बघ. लाल दिवा दिसला नाही. गल्लीची पाटी दिसली नाही. पोलिसाचा हात दिसला नाही. खिडकीशी उभा असलेला पोलीसही नीट दिसला नाही. आकाराम, हा बेफिकीर माणूस नाही रे. याला दिसतच नाही."

आकारामच्या डोळ्यांपुढे तो टेबलावर सरकणारा हात आला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

"मी सांगतो, मीच व्हतो," शेवटी तो म्हणाला. "तीन म्हैनं जात्यात. ॲम्ब्युलन्स जाती. जाऊ दे."

"आणि यापुढची सकाळची फेरी? शाळेची पोरं रस्त्यावर असतात. तू गप्प बसलास तर ते पुन्हा गाडी काढतील."

बोललं तर वस्ताद जातात, न बोललं तर नोकरी जाते आणि रस्त्यावर कुणाचा जीव जाईल ते सांगता येत नाही. आकारामनं कपाळ चाकाला टेकवलं. मग किल्ली फिरवली आणि गाडी परत तासगावकडे वळवली.

वस्ताद अजून दारातच होते. गाडीच्या आवाजावरूनच त्यांनी ओळखलं असावं, कारण ते उठून उभे राहिले होते.

"वस्ताद, माझं कार्ड खिळ्याला न्हाई," आकाराम म्हणाला.

"न्हाई," वस्ताद म्हणाले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. डोळ्यांत काचबिंदू होता. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की गेलेली नजर परत येत नाही. तपासणीत डोळे नापास झाले, म्हणून लायसन पुढे वाढलं नाही. शेठना सांगायचं धाडस झालं नाही. रस्ता मोकळा असतो म्हणून सकाळची फेरी त्यांनीच मागून घेतली होती. थोडं दिसतंय, रस्ता पाठ आहे, निभेल, असं वाटलं. जयराजला कळलं होतं, पण तोही पगार कापून घेऊन गप्प बसला.

"पर माझंच का, वस्ताद?"

"तुझंच म्हणून," वस्ताद म्हणाले. "दुसऱ्याचं घेतलं आसतं तर त्याला भोवलं आसतं. तुझं जुनं. जुनं कार्ड म्हंजी मेल्यालं कार्ड. त्याच्यावर लिव्हलं काय आन् न लिव्हलं काय, कुणाचंच जात न्हाई, आसं वाटलं मला."

बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं. कार्ड बदलतं, नंबर बदलत नाही. खिळ्यावरच्या कार्डाचा नंबर आणि आकारामच्या खिशातल्या कार्डाचा नंबर एकच. मंगळवारच्या ॲम्ब्युलन्सचंही सांगितलं. वस्तादांना ती माहीत नव्हती, आकाराम पेढे घेऊन यायचा होता.

वस्ताद खुर्ची चाचपून खाली बसले. त्यांनी कानटोपी काढली आणि ती नुसती हातात धरून ठेवली.

६

सोमवारी साहेबांसमोर आकाराम उभा राहिला तेव्हा त्याच्या खांद्यावर वस्तादांचा हात होता. बोलायची पाळी वस्तादांनी त्याच्यावर येऊच दिली नाही. गाडी मी चालवली, ते म्हणाले, लायसन माझं नव्हतं, ह्या पोराला ठाऊक नव्हतं.

खरं कशावरून, असं साहेबांनी विचारलं. वस्तादांनी ते जप्तीतलं कार्ड मागितलं. डोळ्यांजवळ नेलंच नाही. अंगठा भोकावरून फिरवला.

"ही गाठ माझी. ट्रकच्या दोराला मारतो ती. लोकर ह्याच्या बापाच्या घोंगडीची. कार्ड काढताना मी धागा कापला, गाठ सुटंना म्हणून राहिली."

साहेबांनी दोन्ही कार्डांच्या तारखा ताडून पाहिल्या. बनावट कुठलंच नव्हतं. आकारामला जुनं कार्ड असं वाऱ्यावर ठेवल्याबद्दल चांगलं सुनावलं आणि निलंबनाची नोटीस मागे घेत असल्याचं लिहून दिलं. वस्तादांवर आणि शेठवर खटला होणार होता. वस्ताद म्हणाले, होऊ द्या. नोंद पुरी झाल्यावर साहेबांनी जुन्या कार्डाचं काय करायचं म्हणून वर पाहिलं, तर सुहासिनीबाईंनी पर्समधून कात्री काढून हातात धरलेलीच होती. साहेबांना हसू आलं. कार्ड कापलं गेलं. ती काळी गाठ वस्तादांनी मागून घेतली आणि खिशात टाकली.

दुपारी आकाराम त्यांना तासगावला सोडायला निघाला. वस्तादांचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि पुढे वाहनाची चाहूल लागली की उजवा पाय पत्र्यावर दाबला जात होता. तिथं ब्रेक नव्हता.

कराडला गाडी थांबली.

"काय झालं रं?" वस्तादांनी विचारलं.

"लाल हाय, वस्ताद."

वस्तादांनी हात पुढे केला, थोडा चाचपडला, आकारामची मांडी सापडली तशी तिच्यावर हलकी चापट दिली आणि हात तिथंच राहू दिला. मागच्या गाड्यांना घाई झाली होती, हॉर्न वाजत होते. आकारामनं आरशात पाहिलं नाही. खांबाकडे पाहत तो थांबला, आणि मग मोठ्यानं म्हणाला, "हिरवा झाला."

"चल मग," वस्ताद म्हणाले.